खोली साडेबारा बाय सतरा: पूल टेबल सात फुटी की आठ फुटी?

उंबरठा
नमस्कार मंडळी. वरच्या मजल्यावरची एक खोली रिकामी झाली आहे आणि कित्येक वर्षे मनात घोळणारे पूल टेबल आता आणायचेच असे ठरले आहे. (ठराव बहुमताने मंजूर झाला, एकमताने नाही.)

खोली १७ फूट लांब, १२ फूट ६ इंच रुंद. विक्रेत्याने फोनवर लांबी-रुंदी विचारली आणि म्हणाला, आठ फुटी आरामात बसेल. मलाही पटले. टेबल बाहेरून पावणेपाच फूट रुंद धरले तरी दोन्हीकडे चारेक फूट उरतात, माणूस सहज फिरेल. पण काल खेळताना एक जण म्हणाला, साडेबारा फुटांत आठ फुटी घातलंस तर दरवर्षी भिंतींना गिलावा करावा लागेल. आता झोप उडाली आहे. टेबल एकदा वर चढवले की खाली उतरवायची माझी तयारी नाही, म्हणून आधीच विचारतो. सात की आठ?

काळा आठ
आठ. डोळे मिटून. सात फुटी हे मुलांचे खेळणे, महिन्याभरात कंटाळाल. भिंत आडवी आली तर छोटा क्यू (खेळायची काठी) ठेवा एक, हाकानाका.

खडूवाला
डोळे मिटून घेऊ नका, मोजपट्टी घ्या.

विक्रेता खोटे बोलला नाही. टेबल बसेलच, तुम्ही बसाल का हा प्रश्न आहे. पहिला घोळ नावाचा. सात फुटी, आठ फुटी ही नुसती नावे. माप घ्यायचे ते एका कुशनच्या (काठाच्या आतल्या रबरी पट्टीच्या) धारेपासून समोरच्या धारेपर्यंत. त्या हिशेबाने घरगुती सात फुटी साधारण ३९ × ७८ इंच (नाणे टाकून खेळायची टेबले ३८ × ७६ अशीही असतात), आठ फुटी ४४ × ८८, नऊ फुटी ५० × १००. मध्येच ४६ × ९२ चे एक असते, तेही आठ फुटी म्हणूनच विकले जाते. तेव्हा फोनवर फूट नको, इंच विचारा. बाहेरचा लाकडी काठ विसरा, कारण क्यू त्याच्या वरून जातो.

आता सगळ्यात वाईट प्रसंग डोळ्यांसमोर आणा. व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) कुशनला चिकटलेला आणि तुम्हाला सरळ समोर मारायचाय. क्यूचे टोक धारेपाशी, बाकीचा अख्खा क्यू टेबलाच्या बाहेर. नेहमीचा क्यू ५८ इंच (काही ५७ चे असतात). मागे खेचायला सहा इंच. झाले ६४. क्यू थोडा उचलून धरावा लागतो त्यामुळे इंचभर वाचतो, तो सोडून द्या.

तुमची रुंदी १५० इंच. त्यातून ४४ वजा, राहिले १०६, एका बाजूला ५३. लांबीत २०४ वजा ८८, म्हणजे ११६, एका बाजूला ५८. लांबीत सहा इंच कमी, रुंदीत अकरा. सात फुटी घेतलेत तर लांबीत ६३, म्हणजे प्रश्न मिटला, आणि रुंदीत साडेपंचावन्न. तिथे साडेआठ इंच तरीही कमीच.

खोल्यांचे हे नेहमीचे दुखणे. लांबी पाहून आपण खूश होतो आणि घात करते ती रुंदी.

उंबरठा
म्हणजे सातसुद्धा बसत नाही?! मग काय कॅरम खेळू?

सुतारपक्षी
कॅरमला काय वाईट आहे?

खडूवाला
घाबरू नका हो. ६४ हा आकडा ऐश आहे. कुशनला चिकटलेल्या व्हाइटवर कोणी दणकून मारत नाही, हलक्या फटक्याला दोन-तीन इंच मागे खेचले तरी पुरते. साठ इंच मिळाले तर मी त्या खोलीला नावे ठेवणार नाही. आणि ब्रेकची (डावाच्या पहिल्या फटक्याची) काळजी तर मुळीच नको. तिथे व्हाइट पाव टेबल आत असतो, म्हणजे आठ फुटीवर २२ इंच, ते तुमच्याच पदरात पडतात.

तिरकी नजर
खडूवाल्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो फक्त काटकोनातल्या फटक्याचा आहे. प्रत्यक्षात किती फटके भिंतीला अगदी काटकोनात असतात? मी माझ्या खोलीसाठी हे कागदावर मांडले होते, ते इथे डकवतो.

दोन गोष्टी पाहायच्या. एक, अडचणीचा पट्टा किती रुंद. भिंत धारेपासून ५३ इंचांवर असेल आणि गरज ६४ ची असेल, तर कुशनलगत ११ इंचांच्या पट्ट्यात व्हाइट आला तरच घोटाळा. त्यापेक्षा आत असला की क्यू मोकळा. दोन, कोन. क्यू काटकोनापासून जितका तिरका, तितकी भिंतीकडची गरज कमी. ४५ अंशांवर ६४ चे ४५ इंच होतात, ३० अंशांवर साडेपंचावन्न.

उंबरठा, तुमच्या सात फुटीला बाजूची जागा नेमकी साडेपंचावन्न आहे. म्हणजे व्हाइट कुशनला अगदी चिकटलेला असला तरी काटकोनापासून ३० अंशांहून तिरका प्रत्येक फटका पूर्ण क्यूने बसतो. लांबच्या पॉकेटकडे (बॉल घालायच्या भोकाकडे) जाणारे बरेच फटके त्यातच येतात. अडतो तो मुख्यतः मधल्या पॉकेटचा आडवा फटका. आठ फुटीला हा कोन ३४ च्या आसपास जातो. फार फरक वाटत नाही ना? पण पट्टा पाहा. सातला साडेआठ इंच, आठला अकरा, आणि आठला लांबीच्या टोकांनाही सहा-सहा इंचांचा पट्टा. चारही बाजूंनी थोडे थोडे टोचत राहते. सातला दोनच बाजू.

माझ्याकडे चारही बाजूंना टोचते. चौदा महिने झाले. पहिले तीन महिने गंमत वाटायची, 'आमच्या घरचा नियम' वगैरे. आता ज्या डावात व्हाइट खिडकीच्या बाजूला जाऊन चिकटतो, तो डाव मी मनातल्या मनात सोडलेला असतो. सगळ्यात वाईट म्हणजे मी व्हाइट तिकडे जाणारच नाही असे फटके निवडायला लागलोय, आणि बाहेर मोठ्या जागेत खेळतानाही तीच सवय राहिली आहे.

काळा आठ
तेच म्हणतोय, छोटा क्यू! ४८ इंची. प्रश्न संपला.

तिरकी नजर
४८ इंचीने प्रश्न संपतो आणि खेळही संपतो. हातात घेऊन पाहा एकदा. तोल पुढे सरकलेला, वजन कमी, मागचा हात कुठे धरावा कळत नाही. छोटाच घ्यायचा तर ५२ घ्या. तो निदान क्यूसारखा वागतो. त्याने गरज ६४ वरून ५८ वर येते. सात फुटीला बाजूने अडीच इंच कमी पडतात, ते मागे कमी खेचून भरून निघतात. आठ फुटीला पाच कमी.

माझा नियम असा की खोलीत छोटा क्यू डावात एखाद-दुसऱ्यांदा लागला तर टेबल बरोबर निवडले. दर दोन मिनिटांनी क्यू बदलावा लागत असेल तर टेबल मोठे आहे.

नववा चेंडू
सात फुटी म्हणजे खेळणे, यावर माझा आक्षेप नोंदवून ठेवतो. अमेरिकेत हौशी लीगचे कितीतरी सामने सात फुटीवरच होतात. इंग्लंडच्या धर्तीचा पूल, ज्यात पॉकेटची तोंडे स्नूकरसारखी गोल आणि बॉल दोन इंची असतात, तो तर स्पर्धेतही सात फुटीवरच खेळतात.

दुसरे म्हणजे लहान टेबल सोपे असते हा समज. अंतर कमी, म्हणून लांबचे नेम सोपे, हे खरे. पण बॉल तेच पंधरा, तेवढेच सव्वादोन इंची, आणि जागा? आठ फुटीच्या मानाने चार पंचमांशाहून थोडी कमी, नऊ फुटीच्या मानाने तीन पंचमांश. नुसती गर्दी. प्रत्येक वाट कोणी ना कोणी अडवलेली. मला नऊ फुटीवर पॉट करायला (बॉल पॉकेटात घालायला) घाम फुटतो आणि सात फुटीवर विचार करायला.

हाताला चव हवी असेल तर विक्रेत्याला पॉकेटची तोंडे थोडी अरुंद मागा. टेबल वाढवून मिळत नाही ती शिस्त पॉकेट आवळून मिळते. घरच्या पाहुण्यांसाठी मात्र फार आवळू नका, एकही बॉल गेला नाही की माणसे गप्पा मारायला बसतात.

भिंतीला टेकून
एक बाळबोध प्रश्न. टेबल मधोमधच ठेवायला हवे का? एका भिंतीकडे थोडे सरकवले तर निदान एक बाजू तरी झकास मिळेल.

तिरकी नजर
चांगला प्रश्न, मीही करून पाहिले आहे. आठ फुटी मधोमध ठेवले तर ११ आणि ११ इंचांचे पट्टे. पाच इंच सरकवा, ६ आणि १६ होतील. बेरीज बावीसच. एक बाजू पूर्ण मोकळी करायची तर दुसरीकडे बावीस इंचांचा पट्टा, म्हणजे अर्धे टेबल! खोलीची रुंदी आहे तेवढीच आहे, ती इकडून काढून तिकडे घालता येते इतकेच.

फायदा एकाच वेळी होतो. एका बाजूच्या भिंतीत दरवाजा असेल आणि तो उघडा ठेवता येत असेल, तर नेमका त्या जागी क्यू बाहेर काढता येतो. मग टेबल त्या बाजूला थोडे सरकवायला हरकत नाही. दरवाजा आत उघडतो की बाहेर, तेही पाहा. आत उघडणारा दरवाजा म्हणजे फिरती भिंत.

उंबरठा
दरवाजावरून आठवले. लांबीच्या एका भिंतीला कपाट आहे. चौदा इंच खोल. ते मोजात धरायचे का?

खडूवाला
...

सुतारपक्षी
एवढा वेळ झाकून ठेवले होते ते कपाट!

खडूवाला
अहो, धरायचे म्हणजे काय! १५० चे १३६ झाले. सात फुटीला बाजूला साडेअठ्ठेचाळीस उरले, आठला ४६. हे तुम्ही पहिल्या वाक्यात लिहायचे होते. अजून काही आहे का? खांब? खिडकीखालचा कट्टा? एसीचे पाइप? देवाशपथ सांगा.

उंबरठा
एक खिडकी आहे, पण ती कपाटासमोरच्या भिंतीत. बाकी काही नाही. कपाट हलवता येईल. त्यात काय आहे हे कोणालाच आठवत नाही म्हणजे हलवता येईलच.

सुतारपक्षी
थट्टा पुरे, आता वजनाकडे वळू या, कारण खोली वरच्या मजल्यावर आहे असे सुरुवातीला लिहिलेत आणि कोणीच विचारले नाही.

चांगल्या टेबलाचा तळ स्लेटचा, म्हणजे दगडाचा. आठ फुटीत तो सहसा तीन तुकड्यांत येतो. इंचभर जाडीचा एकेक तुकडा सत्तर-ऐंशी किलोंचा. सगळे मिळून टेबल तीनशे ते चारशे किलो. सात फुटी हलके असते, पण त्यात अखंड स्लेटचाही प्रकार असतो, आणि तो एकच दगड दीडशे किलोंच्या घरात जातो. तो जिन्याच्या वळणावर फिरवायचा म्हणजे काय, हे मी स्वतः पाहिले आहे. चार जण, वळणाला कठडा, दगड उभा करायला उंची नाही, आडवा फिरवायला रुंदी नाही. पाऊण तास तो दगड जिन्यावर आणि आम्ही त्याच्याकडे बघत. शेवटी कठडा कापला. तुमचे ठरवायच्या आधी स्लेट किती तुकड्यांत आहे ते विचारा आणि खोलीआधी जिना मोजा. वरच्या मजल्याला तीन तुकडेच बरे. ते जोडताना सांध्यात मेण भरतात आणि खाली पातळ पाचरी सरकवून पातळी लावतात. जाणकार माणूस लागतो, आणि पुढे टेबल हलवले की हे सगळे पुन्हा.

स्लॅबचे म्हणाल तर घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास भार धरण्याची पद्धत आहे. आठ फुटी टेबल साडेतीन चौरस मीटर जागा व्यापते, चारशे किलो त्यावर पसरले तर चौरस मीटरला सव्वाशेच्या आत. ऐकायला ठीक वाटते. पण भार पसरत नाही, तो पायांवर येतो. चार पाय असतील तर एकेकावर शंभर किलो, वर खेळणारे रेलतात ते वेगळे. सिमेंटच्या धडधाकट स्लॅबला याचे फारसे काही वाटत नाही. लाकडी तक्तपोशी असेल किंवा स्लॅब जुना, तडे गेलेला असेल, तर मात्र अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भिंतीला टेकून
मग दगडाऐवजी लाकडी भुशाच्या बोर्डाचा तळ का नको? वजनही कमी.

सुतारपक्षी
दमट हवेत तो फुगतो, मग मधे बसतो. बॉल सोडला की आपला आपण एका पॉकेटकडे चालू लागतो. वर्ष-दोन वर्षांची हौस असेल तर घ्या.

गोल गरगरीत
मधेच विचारतो, स्नूकरचे पूर्ण टेबल घ्यायचे तर खोली केवढी लागेल?

खडूवाला
धारेपासून धारेपर्यंत ११ फूट साडेआठ इंच × ५ फूट १० इंच. दर बाजूला ६४ मिळवा. २२ फूट साडेचार इंच × १६ फूट ६ इंच. खोली नाही, हॉल बांधा.

घरधनीण
वर फळ्या टाकून जेवणाचे टेबल होते, ते कसे असते? आमच्याकडे याच एका अटीवर परवानगी मिळणार आहे. म्हणजे मी देणार आहे.

नववा चेंडू
उंचीत गोम आहे. पूल टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून सव्वाएकोणतीस ते ३१ इंच असावा लागतो. त्यावर काठ, काठावर फळ्या. जेवणाचे टेबल तीसच्या आसपास असते, हे ३३ ला जाते. शिवाय खाली स्लेट आणि चौकट, त्यामुळे गुडघे आपटतात. काही टेबले वर-खाली होतात, ती जेवताना खाली घेता येतात. तसले मिळाले तरच परवानगी द्या. आणि कापडावर एकदा काही सांडले की पुढचा वाद तुमच्या परवानगीचा नसेल.

उंबरठा
चार दिवसांनी येतोय. कपाट गेले. (आत जुनी बिले आणि तीन छत्र्या निघाल्या.)

तिरकी नजर यांचा हिशेब वाचून वाटले, आपणही करून पाहावे. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने दोन्ही आयत आखले, ३९ × ७८ लाल आणि ४४ × ८८ निळा. क्यू माझा होताच. प्रश्न उंचीचा होता, कारण जमिनीवर ओणवे होऊन काही कळत नाही. मग इस्त्रीचे टेबल काढले, तीस इंचांवर लावले आणि त्याची कड चिकटपट्टीवर आणून प्रत्येक बाजूने फटके मारून पाहिले. घरच्यांनी व्हिडिओ काढले आहेत, ते इथे येणार नाहीत.

जे कळले ते असे. निळ्या आयताच्या कोपऱ्यांत काहीच अडत नाही, हे आश्चर्य. तिथून क्यू तिरकाच जातो. अडते ते लांब बाजूच्या मधल्या भागात. निळ्यावर मागचा हात भिंतीला लागतो, आणि लागण्याआधीच आपण आपोआप क्यू वर उचलतो, हे मला आरशात दिसले. लाल आयतावर हे कमी होते. साध्या हलक्या फटक्याला ५८ चा क्यूसुद्धा चालला, फक्त मागे फार खेचता येत नाही.

टोकांना मात्र लालवर इतकी जागा की तिथे भिंतीलगत अरुंद बाक बसेल. बाक टेबलाहून ठेंगणा असला की क्यू वरून जातो ना?

खडूवाला
क्यू जातो, पण तुमचे पाय कुठे जाणार? वाकताना मागचा पाय जिथे पडतो तिथेच बाक येईल. उचलून बाजूला ठेवता येणारी दोन उंच स्टुले ठेवा.

आणि इस्त्रीच्या टेबलाची युक्ती मी चोरतोय.

काळा आठ
मी माझे मत बदललेले नाही. पण कपाट नव्हते सांगितले त्यांनी.

उंबरठा
सात फुटी नक्की केले. ३९ × ७८, स्लेट तीन तुकड्यांत, पॉकेट किंचित अरुंद. क्यू ५८ चे तीन आणि ५२ चा एक. विक्रेत्याने आठसाठी बराच आग्रह केला, मी त्याला तीस अंशांचा कोन समजावून सांगितला, तेव्हा तो गप्प झाला. पटले की कंटाळला, कळायला मार्ग नाही.

शेवटचा प्रश्न. खोलीत मधोमध पंखा आहे, दिवा त्याच्या शेजारी. चालेल?

तिरकी नजर
चालणार नाही. दिवा पात्यांच्या वर किंवा पातळीत असला तर टेबलावर सावल्या फडफडतात, दहा मिनिटांत डोके दुखते. पंखा भिंतीवर न्या, दिवा टेबलाच्या मधोमध घ्या. एकच प्रखर बल्ब नको, बॉलच्या एकाच बाजूला गडद सावली पडते. टेबलाच्या लांबीत पसरलेला दिवा हवा. स्पर्धेच्या नियमांत टेबलावर सगळीकडे किमान ५२० लक्स उजेड मागतात, घरी त्याच्या जवळपास गेलात तरी पुष्कळ. टांगता दिवा असेल तर टेबलाच्या पृष्ठभागापासून चाळीसेक इंच वर ठेवा. खाली घेतलात तर उंच पाहुणे वाकून उठताना त्यात डोके घालतील.

आणि दिवा टांगायच्या आधी टेबल बसवून घ्या. खोलीचा मध्य आणि टेबलाचा मध्य एकच निघतो असे नाही.

उंबरठा
टेबल आले, काल बसले. जिन्यात काही कापावे लागले नाही, सुतारपक्षी यांचे आभार.

त्या खिडकीचा चौकटीचा कठडा जमिनीपासून २८ इंचांवर आहे आणि तिला गज नाहीत, हे चिकटपट्टीच्या वेळी माझ्या लक्षातच आले नव्हते. मधल्या पॉकेटचा आडवा फटका आला की काच सरकवायची, क्यूचे बूड बाहेर. त्या एका जागी मला हवे तेवढे इंच मिळतात. शेजाऱ्यांना आधी कल्पना देऊन ठेवली आहे.